मोत्याची शेपटी काय बोलते?

घर नागपूरचे असो, इंदूरचे असो की बडोद्याचे, घरात मोत्या असला की संध्याकाळ शांतपणे जात नाही. मुले दप्तर टेकवतात न टेकवतात तोच हे महाशय एखादा पायमोजा पळवतात आणि थेट पलंगाखाली! गंमत म्हणजे मोजा त्याला नकोच असतो. कुणीतरी आपल्या मागे धावावे, एवढीच त्याची इच्छा. ‘दे तो मोजा!’ असा आरडाओरडा झाला की खेळ रंगला. कुणी लक्षच दिले नाही, तर बहुतेक वेळा तो मोजा टाकून नवी खोडी शोधू लागतो.

चपलेचे कारण मात्र निराळे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते उघडायला सुमारे दोन आठवडे लागतात. पुढे त्याला 28 दुधाचे दात येतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. म्हणजे आपल्यापेक्षा 10 जास्त! त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात. मग समोर येईल ते चावायचे. बाबांच्या चपलेला बाबांचा वास येतो, म्हणून ती विशेष आवडती. रागावण्यापेक्षा त्याला चावायला रबराचे मजबूत खेळणे द्यावे आणि चपला फळीवर ठेवाव्यात.

कुत्र्याला शब्द बोलता येत नाहीत, पण तो अंगाने खूप बोलतो. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग वर आणि शेपटी डोलते आहे, याचा अर्थ ‘चला, खेळू या!’ खेळात लुटुपुटीचा चावा घेण्याआधीही कुत्री असे वाकतात, म्हणजे समोरच्याला कळते की हे भांडण नव्हे. मोठा कुत्रा तर कधीकधी चिमुकल्या पिल्लापुढे मुद्दाम उताणा पडतो.

पण मुलांनो, शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूशच आहे, असे समजू नका. 2007 साली इटलीतल्या शास्त्रज्ञांना आढळले की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. इतके बारीक आपल्याला दिसायचे नाही. मात्र ताठ शेपटी, आखडलेले अंग, तिरक्या नजरेत दिसणारा डोळ्यांचा पांढरा भाग, हे सहज दिसते. त्याचा अर्थ, ‘मला एकटे सोड.’ गुरगुरणे हीसुद्धा सूचनाच. त्याबद्दल कुत्र्याला मारू नये. तो पुढच्या वेळी सूचना न देताच चावेल. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मग तो घरचा का असेना.

रस्त्यावरचा कुत्रा भुंकत आला तर पळू नका, तो पाठलाग करील. झाडासारखे स्तब्ध उभे राहा, हात अंगाशी, नजर खाली. आणि चावलाच, नुसता दात किंवा नख लागून ओरखडा उठला, तरी घरी लगेच सांगा. रागावतील म्हणून मुले लपवतात, तिथेच घात होतो. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र हा रोग टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद किंवा तिखट लावायचे नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

ओळख करून घेण्याची रीतही कुत्र्यांची वेगळी. आधी मालकाला विचारावे, मग बाजूला उभे राहून कुत्र्याला हुंगू द्यावे. डोक्यावर वरून हात आणला की पुष्कळ कुत्री दचकतात. छातीवर थोपटलेले त्यांना बरे वाटते. आणि घरचा मोत्या लाडात आला, की त्याच्या कुशीवर खाजवून पाहा. नेमकी जागा सापडली की त्याचा मागचा पाय आपोआप भराभर हलू लागतो. तो थांबवणे त्याच्याही हातात नसते!