राजाचा जुगार आणि प्रजेचें पथ्य

जें धान्य दुकानदार स्वतःच्या घरीं शिजवीत नाहीं, तें त्याच्या दुकानांतून घ्यावें कीं नाहीं, हें ठरविण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाहीं. परंतु दुकान संगमरवरी असलें, पुढें कारंजें उडत असलें आणि दाराशीं उंची मोटारगाड्यांची रांग लागलेली असली, म्हणजे हा साधा प्रश्न विचारण्याचें भान शहाण्यासुरत्या माणसांसही राहत नाहीं. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यालगत मोनाको म्हणून जें चिमुकलें राज्य आहे, तेथें आम्हीं एक दिवस काढला, त्या वेळीं आमचीही घटकाभर तीच अवस्था झाली, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

नीस शहराहून आगगाडीनें निघालें कीं अर्ध्या तासाच्या आंत मोनाको येतें. वाटेंत एका अंगास डोंगर व दुसऱ्या अंगास निळाभोर समुद्र. स्टेशन डोंगराच्या पोटांत कोरलेलें असून, तेथून उजेडांत येतांच एकावर एक रचल्यासारख्या इमारती दृष्टीस पडतात. याचें कारण जागेची टंचाई. सगळ्या राज्याचें क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक, वस्ती सुमारें ३८,०००, आणि त्यांतही मोनाकोचे खरे नागरिक चौथ्या हिश्शाच्या आसपास. बाकीचे धनिक परदेशीय. त्यांची सेवाचाकरी करणारे ४०,००० हून अधिक लोक रोज फ्रान्स व इटलींतून येतात आणि काम संपतांच परत जातात. कारण तेथील घरभाडें त्यांना परवडणारें नाहीं.

सकाळीं आम्ही प्रथम जुन्या गांवांत गेलों. हा भाग समुद्रांत शिरलेल्या एका उंच खडकावर आहे. राजवाड्यापुढें रोज ११ वाजून ५५ मिनिटांनीं पहारा बदलतो. तो पाहण्यास यात्रेसारखी गर्दी जमते. जवळच्या प्रार्थनामंदिरांत राणी ग्रेस केली हिची समाधि आहे. ही अमेरिकन चित्रपटनटी १९५६ सालीं येथील राजास वरून आली आणि १९८२ सालीं मोटारच्या अपघातानें निवर्तली. परंतु आमचें मन खरें रमलें तें कड्याच्या टोकावरील समुद्रविद्येच्या संग्रहालयांत. राजा पहिला आल्बर्ट यानें स्वतः जहाजें घेऊन समुद्राचें संशोधन केलें आणि १९१० सालीं हें संग्रहालय उघडलें. १९०१ सालीं त्याच्याच जहाजावर रिशे व पोर्तिये या दोघां शास्त्रज्ञांनीं विषारी सागरी जीवांवर जे प्रयोग आरंभिले, त्यांतून पुढें शरीराच्या एका विलक्षण विकाराचा शोध लागला, व त्याबद्दल रिशे यास १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. राजानें राजैश्वर्याचा असा उपयोग केलेला पाहून कोणास आनंद होणार नाहीं? परंतु हें ऐश्वर्य आलें कोठून, हा प्रश्न मनांत घेऊनच आम्ही दुपारीं समोरच्या टेकडीवरील मोंटे कार्लोकडे वळलों.

त्याचें उत्तर इतिहासांत आहे. १८४८ सालीं मांतों व रोकब्रून हीं गांवें मोनाकोपासून फुटलीं; १८६१ सालीं राजा तिसरा चार्ल्स यानें त्यांवरील हक्क ४० लक्ष फ्रँकांस फ्रान्सला देऊन टाकला. लिंबें व ऑलिव्ह यांचें उत्पन्न त्याबरोबरच गेलें. राहिला एक खडक व रिकामी तिजोरी. फ्रान्समध्यें १८३७ च्या अखेरीस जुगाराचे अड्डे बंद झाले होते. राजानें नेमकी ही संधि साधली. जर्मनींतील होंबुर्ग येथें जुगारगृह चालविणारा फ्रान्स्वा ब्लां यास १८६३ सालीं मक्ता दिला. १८६८ सालीं आगगाडी आली. आणि १८६९ सालीं राजानें आपल्या प्रजेवरील प्रत्यक्ष कर उठविले. प्रजा संतुष्ट, राजा संतुष्ट. मात्र प्रजेस एक पथ्यही आहे: मोनाकोच्या नागरिकानें या जुगारगृहांत खेळतां कामा नये. तें पथ्य आजही चालूच आहे.

चौकांत उभे राहून आम्ही ती इमारत पाहत होतों. पॅरिसचें प्रसिद्ध नाट्यगृह बांधणाऱ्या गार्निये यानेंच १८७९ सालीं येथील नाट्यशाळा उभारली. तेव्हां शोभेविषयीं काय बोलावें! आमच्या सोबत एक तरुण व्यापारी स्नेही होते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, एवढ्या दूर आलों, एक डाव तरी खेळूं." आम्हीं त्यांना बांकावर बसविलें व म्हटलें, "आधीं वही काढा, मग पाकीट काढा."

हिशेब सोपा आहे. चक्रावर शून्यापासून ३६ पर्यंत ३७ घरें. एका आंकड्यावर एक नाणें लावलें आणि तोच आंकडा आला, तर तें नाणें परत मिळून वर ३५ मिळतात. सगळ्या घरांवर एकेक लावल्यास ३७ जातात व ३६ येतात. म्हणजे शेंकडा सुमारें २.७ ची तूट. तांबड्या-काळ्याच्या डावांत नियम थोडा सौम्य आहे, पण पारडें तेथेंही मालकाकडेच झुकतें. सावकाराचें व्याज महिन्यास किंवा वर्षास चढतें. हें व्याज चक्राच्या दर फेरीस चढतें! आणि "आतां तरी माझा रंग येईल" ही आशा तर सर्वांत घातक. १९१३ च्या ऑगस्टांत येथेंच काळा रंग लागोपाठ २६ वेळां आला व तांबड्याच्या भरंवशावर लोकांनीं मोठमोठ्या रकमा घालविल्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. चक्रास मागची आठवण नसते. ती माणसासच असते.

आमचे स्नेही वही मिटून म्हणाले, "असल्या पडत्या भावानें मी कापडाचा एक ठाणही घेणार नाहीं." मग समुद्राकांठीं कॉफी घेऊन सायंकाळच्या गाडीनें आम्ही परतलों.

आतां मुद्याची गोष्ट. राज्यानें एखादा धंदा चालवावा आणि आपल्याच प्रजेस त्यांत पाऊल टाकूं देऊं नये, यास न्यायालयाच्या भाषेंत कबुलीजबाब म्हणतात. धंदा विषारी आहे हें मालकास ठाऊक आहे. फक्त विष परक्याच्या पोटांत जावें एवढीच त्याची इच्छा. जुगाराविना राज्य चालत नाहीं असें म्हणावें, तर खुद्द मोनाकोच्या सरकारी उत्पन्नांत आज जुगाराचा वांटा अगदीं थोडा असून मुख्य भर विक्रीवरील मूल्यवर्धित करावर आहे. ज्या कुबडीवर तें चालावयास शिकलें, ती त्यानें केव्हांच कोपऱ्यांत ठेविली.

आणि आपल्या दाराशीं काय चाललें आहे? पणजीस मांडवी नदींत जुगाराचीं जहाजें नांगरून आहेत. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतक सरकारनें गोमंतकीयांस त्यांवर जाण्यास मनाई केली. म्हणजे मोनाकोचाच न्याय! परंतु भेद एक आहे व तो मोठा आहे. मोनाकोचा परका खरोखरच परका. गोव्याचा परका कोण? रत्नागिरीचा, बेळगांवचा, कोल्हापूरचा, पुण्याचा तरुण. एकाच राष्ट्रांतील भावानें भावास सांगावें कीं, "माझा मुलगा वांचो, तुझा बुडाला तरी चालेल," हें कोणत्या राष्ट्रधर्मांत बसतें? गोमंतकाच्या भूमीनें जगास गायक दिले, विद्वान् दिले. तिची ओळख फांशांवरून व्हावी, हें तिच्या हितचिंतकांस रुचणारें नाहीं.

महाराष्ट्रानेंही फार शेखी मिरवूं नये. १९७६ चा कॅसिनोंचा कायदा येथें कधीं अमलांत आला नाहीं व २०२३ सालीं विधिमंडळानें तो रद्द केला, हें उचितच झालें. पण आपल्या घरीं दार लावून मुलें शेजारच्या नदीवर जात असतील, तर तें पुण्य अर्धेंच. आमचें गोमंतक सरकारास सांगणें एवढेंच कीं, जी मनाई गोमंतकीयांस हितकर वाटली ती सर्वांस लागू करावी; मग जहाजें आपोआप रिकामीं होतील. आणि व्यापारी बंधूंस विनंति ही कीं, मुलगा सहलीस निघाला म्हणजे त्याच्या हातीं पाकीट देण्यापूर्वीं ३७ व ३६ यांचा हा हिशेब एकदां त्याच्याकडून मांडवून घ्यावा.