मराठी ख्रिस्ती समाजातील शोकसांत्वन

शोकसांत्वन म्हणजे प्रियजनांच्या वियोगाने दुःखी झालेल्या व्यक्तीला सोबत, शब्द, प्रार्थना आणि प्रत्यक्ष मदत यांद्वारे धीर देणे. ख्रिस्ती धर्मात हे केवळ पाळकांचे किंवा धर्मगुरूंचे काम मानले जात नाही. ते संपूर्ण मंडळीचे कर्तव्य समजले जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात या कर्तव्याला मराठी भाषा, भजनपरंपरा आणि शेजारधर्म यांमुळे स्वतःचे असे रूप प्राप्त झाले आहे.

शब्द आणि संकल्पना

योहानकृत शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना, आपण गेल्यावर पिता दुसरा साहाय्यक पाठवील, असे आश्वासन देतो. तेथील मूळ ग्रीक शब्द 'पॅराक्लेटॉस' असा असून त्याचा शब्दशः अर्थ 'जवळ बोलावलेला' असा होतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'कैवारी' हा शब्द योजलेला आहे. कैवार घेणे म्हणजे एखाद्याची बाजू घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहणे. ख्रिस्ती सांत्वनाचे मर्म या एका शब्दात सामावले आहे. सांत्वन करणारा हा दुःखाचा अर्थ उलगडून सांगणारा भाष्यकार नसून दुःखिताच्या शेजारी उभा राहणारा सोबती असतो.

बायबलमधील आधार

योहानाच्या अकराव्या अध्यायातील बेथानी गावची कथा या विषयात नेहमी आधारभूत मानली जाते. लाजराच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन्ही बहिणी, मार्था व मरिया, येशूला एकाच आशयाची तक्रार करतात : आपण वेळेवर येथे असता तर भाऊ मेला नसता. मार्थेशी येशू पुनरुत्थानाच्या आशेविषयी बोलतो. मरियेचे रडणे पाहून मात्र तो स्वतः रडतो. तक्रार एकच असली, तरी दोघींना मिळालेले सांत्वन निरनिराळे आहे. तक्रार केल्याबद्दल दोघींपैकी कोणालाही दोष दिलेला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

ईयोबाच्या पुस्तकात याची दुसरी बाजू दिसते. ईयोबाचे तीन मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहतात. पुढे ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात आणि दोष त्याच्याच पदरी घालतात. अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो. त्यांचे मौन सांत्वन ठरले. त्यांची स्पष्टीकरणे मात्र जाच ठरली.

पौलाच्या पत्रांतही तीन सूत्रे आढळतात. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करावा, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. ज्याला देवाकडून सांत्वन मिळाले त्याने ते इतरांपर्यंत पोहोचवावे, असा विचार करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतो. आशाहीनांसारखा शोक करू नये, हा उपदेश थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. या उपदेशाचा अर्थ पुष्कळदा 'रडू नये' असा लावला जातो. तो बरोबर नाही. तेथे निषेध शोकाचा नसून निराशेचा आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गमावले. १८८० मध्ये त्यांचा भाऊ वारला आणि १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले. तेथे विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली यांना आसरा, शिक्षण व हातांना काम मिळाले. ज्या दुष्काळाने त्यांना अनाथ केले होते, तशाच दुष्काळांतील अनाथांसाठी त्यांनी घर उघडले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा हिचे निधन झाले. त्यानंतर वर्षाच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई निवर्तल्या.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या जीवनात शोकाचा आणखी एक प्रकार दिसतो. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या आणि काही काळ सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे राहिल्या. पती हयात असूनही सोसावा लागणारा हा वियोग होता. पुढे हे कुटुंब पुन्हा एकत्र आले व लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी आपली दुःखे लपवली नाहीत, तसेच विनोदाचीही साथ सोडली नाही.

शोकघरातील रीती

सोलापुरात प्रॉटेस्टंट मंडळ्यांची उभारणी प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून झाली. कॅथलिक समाजही येथे आहे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे लोक राहतात. त्यामुळे शोकघरी गेल्यावर त्या घरच्या भाषेत चार शब्द बोलणे येथे विशेष मोलाचे ठरते. दुःखाच्या वेळी मातृभाषेतील प्रार्थना अधिक जवळची वाटते.

मृत्यूची वार्ता कळताच मंडळीतील लोक घरी जमतात. प्रार्थना, शास्त्रवाचन व गायन होते. तेविसावे स्तोत्र अशा प्रसंगी वारंवार वाचले जाते. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहातील गीते पुष्कळांना पाठ असल्याने, बोलायला शब्द सुचत नसले तरी गाणे सर्वांना साधते. दफनविधीनंतरही घरी प्रार्थना ठेवल्या जातात. शोकघरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी आणून देण्याची महाराष्ट्रातील रीत ख्रिस्ती घरांतही पाळली जाते. कॅथलिक समाजात मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात आणि २ नोव्हेंबर रोजी सर्व मृतांचे स्मरण करतात. दफनभूमीसाठी वापरला जाणारा 'सिमेटरी' हा शब्दही ग्रीक भाषेतील 'निजण्याची जागा' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीस वीसपेक्षा अधिक लोकांनी जमू नये, असा निर्बंध होता. अशा वेळी दूरध्वनीवरून प्रार्थना करणे एवढाच मार्ग अनेकांपुढे उरला. सांत्वनात प्रत्यक्ष उपस्थितीचे मोल किती आहे, हे त्या काळाने दाखवून दिले.

सांत्वनाची भाषा आणि मर्यादा

'देवाची इच्छा होती', 'देवाला चांगली माणसे हवी असतात', 'आता रडू नका' ही वाक्ये सद्‌भावनेने उच्चारली जातात. परंतु ती दुःखिताला एकाकी पाडू शकतात. विशेषतः मूल गमावलेल्या आईला अशा वाक्यांतून देवच अपराधी भासू लागतो. त्याऐवजी मृत व्यक्तीचे नाव घेऊन तिची आठवण काढणे, ऐकून घेणे आणि औषध, कागदपत्रे, मुलांची शाळा यांसारखी कामे अंगावर घेणे अधिक उपयोगी ठरते. लोकांची ये-जा सहसा काही दिवसांत थांबते. शोक मात्र थांबत नाही. म्हणून महिन्याने आणि वर्षदिनी पुन्हा भेटणे महत्त्वाचे असते.

श्रद्धाळू माणसालाही देवाविषयी राग व शंका येऊ शकते. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी पत्नीच्या मृत्यूनंतरची अशी मनःस्थिती १९६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रांजळपणे मांडली आहे. स्तोत्रसंहितेतही विलापगीते पुष्कळ आहेत. त्यामुळे विलाप हा अश्रद्धेचा पुरावा मानता येत नाही.

भिन्नधर्मीय कुटुंबाचे सांत्वन करताना प्रार्थनेपूर्वी संमती विचारणे आणि त्यांच्या विधींचा मान राखणे आवश्यक आहे. शोकाकुल मनाची दुर्बलता ही धर्मप्रसाराची संधी मानणे सांत्वनाच्या मूळ हेतूशी विसंगत ठरते. दुःखिताची झोप व अन्न दीर्घकाळ तुटले असेल, किंवा तो जगणे नको असल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे न सोडता वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. अशा वेळी प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नसतो. कैवारी होण्याचाच तो एक भाग आहे.