आजव्याचं पाणी, अटलादऱ्याच्या टाक्या

बडोद्याच्या दांडिया बाजारात आजव्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. सयाजीराव महाराजांनी तलाव बांधवला, १८९२ मध्ये शहराला नळाचं पाणी मिळालं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. अभियंता जगन्नाथ सदाशिवजी, म्हणजे आपलाच माणूस, हेही लगोलग ऐकवलं जातं. आता जोडीला मही नदीतल्या विहिरींचं पाणी येतं. मात्र वापरून झालेलं पाणी कुठे जातं असं विचारलं, की सगळे विश्वामित्री नदीकडे बोट दाखवून मोकळे होतात.

वाटेत तरसाली, गाजरावाडी, छाणी, अटलादरा अशी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं लागतात, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. अटलादरा म्हटलं की आठवतं ते स्वामिनारायण मंदिर. मी गेलो ते केंद्र पाहायला. वास होता, पण तो सुरुवातीच्या जाळीपाशी. तिथे दुधाच्या पिशव्या, चिंध्या आणि निर्माल्य अडकून पडलेलं. पुढे वाळू खाली बसते आणि मग येतात हवेच्या टाक्या. तिथे मात्र नुसता ओल्या मातीचा वास.

इथला जुना ऑपरेटर बडोद्यातच वाढलेला. त्याच्या मराठीत दर तिसरा शब्द गुजराती. टाकीच्या कठड्यावर वाकून तो म्हणाला, "चॉकलेटी दिसतंय ना साहेब? मग बराबर छे. काळं पडलं की समजायचं, हवा कमी पडतेय." मग त्याने लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात भरलं आणि घड्याळ बघितलं. अर्ध्या तासात तपकिरी गाळ साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बसला, वर निवळ पाणी. हा गाळ म्हणजे मैला खाणारे जिवाणू. गाळ फुगून वर राहिला तर ते आजारी. वीज बराच वेळ गेली तर हवेवाचून मरतात. दिवाळीच्या साफसफाईचा फेसही त्यांना सोसत नाही म्हणे. प्रयोगशाळेचा अहवाल येतोच, पण त्याआधी हा माणूस रंग आणि वासावरून निदान करून बसलेला असतो. सासूबाईंनी आमटीचा वास घेऊनच मीठ कमी आहे म्हणावं, तसं!

त्याची खरी तक्रार कांसांबद्दल आहे. भूखी कांसेसारखे पावसाळी ओढे शहरातून वाहतात. नव्या सोसायट्यांची गटारं परस्पर त्यांत सोडली, की ते पाणी केंद्राला वळसा घालून थेट नदीत. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी १९८३ पासून खंभातच्या आखातापर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटरचा वेगळा कालवा आहे. घरगुती मैल्यासाठी आपण चार गल्ल्यांची नळी नीट जोडत नाही. २०२१ मध्ये हरित लवादाने विश्वामित्रीबद्दल आदेश दिले, २०२४ मध्ये महापालिकेने १०० कोटींचे हरित रोखे काढले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नदी लोकांच्या घरात शिरली. विश्वामित्रीतल्या मगरी अर्थात नदीतच आहेत. २०२५ च्या गणनेत त्या ४४२ भरल्या. त्यांची सोशिकता पाहून नदी ठीक आहे असा समज करून घेणारे महाभागही शहरात भेटले.

केंद्र पाहायचं असेल तर आधी महापालिकेची परवानगी काढा आणि सकाळीच जा. अंघोळी, धुणीभांडी उरकलेली असतात, येणारं पाणी भरपूर असतं आणि ऑपरेटरला बोलायला अजिबात वेळ नसतो. तरी नळकांडं भरून दाखवा म्हटलं की तो थांबतो.