इशाऱ्यातला 'दुसरा' कोण?

कॅलेंडरमधली वेळ बदलायला जावे, तर इशारा येतो : 'ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे.' हा दुसरा पुष्कळदा आपलाच फोन असतो. 2007 साली प्रमाणित झालेल्या कॅलडॅव्ह पद्धतीत सर्व्हर प्रत्येक नोंदीला 'ईटॅग' ही खूण देतो. जुनी खूण घेऊन आलेला बदल 412 या संकेतासह परत फिरतो. फोनवर आठवणीची घंटा बंद केली, तरी काही ॲप नोंद नव्याने लिहितात आणि खूण बदलते. खुणेला एवढेच ठाऊक, की नोंद बदलली. कोणी, काय, हे नाही. 'दुसरा' हा इशारा लिहिणाऱ्याचा तर्क. म्हणून 'माझी प्रत ठेवा' दाबण्यापूर्वी दोन्ही प्रती वाचाव्यात. एखाद्या वेळी दुसरा खरोखरच असतो आणि त्याने कळवलेली वेळ आपण पुसून टाकतो.