सलाईनच्या बाटलीत असते तरी काय?

"डॉक्टर साहेब, लई अशक्तपणा आलाय. एक सलाईन लावून टाका, म्हणजे ताकद येईल." नांदेड-लातूर भागात दवाखाना चालविणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. ताप असो, जुलाब असो की उन्हातून आलेला थकवा असो, बाटली लटकली की रुग्ण समाधानी आणि नातेवाईकही निश्चिंत! न लावावी तर "या डॉक्टरला काही येत नाही" असे म्हणून मंडळी दुसरा दवाखाना गाठतात.

नुसते पैसे वाया जात असते तर हा विषय मी या सदरात घेतला नसता. पण सलाईनवरच्या या श्रद्धेपायी लेकरांचे जीव धोक्यात येतात. वाडी-तांड्यावरून ढाळवांतीचे लेकरू घेऊन आई-बाप तालुक्याच्या गावी निघतात. गाडी मिळेपर्यंत आणि पोहोचेपर्यंत दोन-तीन तास जातात. तेवढ्या वेळात त्याला घोटभर पाणीही दिलेले नसते. का, तर "पाणी पाजलं की अजून संडास होते, आता दवाखान्यात सलाईनच लावू." लेकरू माझ्या टेबलावर येते तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी पडलेली. जे औषध घरातून निघतानाच सुरू करायचे, ते डब्यात तसेच राहिलेले असते.

साडेचार ग्रॅम मीठ

आता बाटलीत काय असते ते पाहू. नॉर्मल सलाईन म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही एवढे. मीठही तेच, आपण वरणात घालतो ते सोडियम क्लोराइड. फरक इतकाच की ते शुद्ध आणि निर्जंतुक केलेले असते. ५ टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरीसुद्धा नाही. ज्वारीच्या एका भाकरीत यापेक्षा कितीतरी जास्त असते. तेव्हा 'ताकदीची बाटली' ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी.

मग पाण्यात मीठ तरी कशाला? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळात पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मीठ जिकडे, पाणी तिकडे. शरीरातही हाच नियम चालतो. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण वेगळे होतात. सोडियम मुख्यतः रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या पाण्यात राहते, तर पोटॅशियम पेशींच्या आत. या दोघांच्या तोलावर पाणी कुठे थांबायचे ते ठरते. मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे ठोके हेही याच क्षारांवर चालतात. घाम आणि अश्रू खारट लागतात ते यामुळेच. जुलाबात किंवा घामात नुसते पाणी जात नाही, क्षारही जातात. म्हणून भरपाई करताना दोन्ही द्यावे लागतात.

पटकीने मरणाऱ्या रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ साली केला. सलाईनची सुरुवात ती. पण सुई, निर्जंतुक बाटल्या आणि जाणकार माणूस या तिन्ही गोष्टी लागत असल्याने गरिबाला ते मिळणे अवघडच राहिले.

बनगावची छावणी

१९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. रुग्णांची जमिनीवरही जागा पुरेना आणि सलाईनचा साठा संपत आला. तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंप भरून ठेवले आणि ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजायला नातेवाईकांनाच सांगितले. छावणीत सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. पुढे १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून या उपचाराचा गौरव केला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यामागचे शास्त्र अमेरिकेतील रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. कितीही जुलाब होत असले तरी हे दार सहसा बंद होत नाही. म्हणूनच साखर-मिठाचे पाणी अंगी लागते, नुसते पाणी तितके लागत नाही. "पाजले की संडास वाढते" ही समजूत चुकीची आहे. संडास होतच राहील, पण लेकरू सुकणार नाही. आणि जुलाबात लेकरू दगावते ते बहुतेक वेळा सुकल्यामुळेच.

ओआरएस कसे द्यावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम लागते. नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम अजिबात नसते, इथे मात्र आहे! आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात ही पुडी मिळते.

पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, ते आधी वाचा. उकळून गार केलेल्या किंवा स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी एकदम टाका. अर्धी पुडी, अंदाजे पाणी असे करू नका. वरून साखर घालू नका. केलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या. दोन वर्षांच्या आतील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तेवढे द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. अंगावरचे दूध मुळीच तोडू नका. सोबत झिंकच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस द्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून नवीन करा, कारण जास्त मीठ लहान मुलाच्या मेंदूला घातक ठरते. तांदळाची मीठ घातलेली पेजही चांगली. बाटलीतले गोड शीतपेय मात्र नको. त्यातली जादा साखर पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. दुकानात 'ओआरएस' नावाने गोड पेयेही विकली जात. त्या नावाचा असा वापर करण्यास केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा नावावर न जाता पाकिटावरचे सूत्र पाहून घ्या.

उन्हाळा आणि टंचाई

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्याच्या सदऱ्यावर पांढरे डाग उमटतात, ते घामातले मीठच. अशा वेळी लोटेच्या लोटे नुसते पाणी प्याले तरी पायात गोळे येतात. त्यावर मीठ घातलेले ताक, लिंबू-सरबत, कैरीचे पन्हे हे आपल्या आजीचे उपाय शास्त्राला धरूनच आहेत. मात्र अंग तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

टंचाई आणि जुलाब ही तर सख्खी भावंडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा कोण विसरेल? पाणी मोजून वापरायचे म्हटले की पहिली काटकसर हात धुण्यात होते. तसे करू नका. संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायला लागणारे पाणी ही उधळपट्टी नव्हे.

सलाईन केव्हा लागते?

सलाईन निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. लेकरू सुस्त पडले, पिईनासे झाले, सारखी उलटी होऊन काहीच टिकेना, डोळे वा टाळू खोल गेली, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, लघवी बंद झाली, तर एक क्षणही दवडू नका. तिथे सलाईनच जीव वाचवते. शौचात रक्त दिसले तरीही डॉक्टरांना दाखवा. पण वाटेतही, पिता येत असेल तोवर, ओआरएस पाजत राहा. उलट हृदयविकार वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला हौसेने लावलेली बाटली छातीत पाणी भरू शकते. अशांनी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे सरबतही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. एरवीही निरोगी मोठ्या माणसाला दिवसाकाठी सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरात, चार दिवसांचे लाईटबिल ठेवतो त्या फळीवर का होईना, ओआरएसच्या दोन पुड्या ठेवा. पहिला पातळ जुलाब झाला की पहिली पुडी फोडा. दवाखाना त्यानंतर.