जुने रणगाडे, नवें बळ

भारतीय चिलखती दळांतील कित्येक रेजिमेंटांचीं नांवें अद्यापि घोडदळाचीं आहेत. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स, सेंट्रल इंडिया हॉर्स अशीं तीं जुनीं नांवें. पागेंतले घोडे कधींच गेले व त्यांच्या जागीं रणगाडे आले. पण जनावर आणि यंत्र यांच्या म्हातारपणांत मोठा भेद आहे. घोडा थकला म्हणजे तो सबंध थकतो. त्याला नवें काळीज किंवा नवे डोळे बसवितां येत नाहींत. रणगाड्याचा मात्र प्रत्येक अवयव निरनिराळ्या वेगानें म्हातारा होतो. हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे जुन्या रणगाड्यांना नवें बळ कसें देतात, व तें कोठवर देतां येतें, ह्या प्रश्नाचा उलगडा होऊं लागतो.

रणगाड्याचें वार्धक्य दोन प्रकारचें असतें. एक झिजेचें. पट्ट्यांच्या कड्या झिजतात, इंजिनाचा दम कमी होतो, तोफेची नळी कांहीं शें गोळे उडाल्यावर आंतून झिजते. ह्यावर उपाय दुरुस्तीचा. गाडी पूर्ण खोलावयाची, झिजलेले भाग बदलावयाचे आणि ती पुन्हां जोडावयाची. लष्कराचे मोठे कारखाने हेंच काम करीत असतात. पुण्याशेजारीं खडकी येथें असा एक आहे. दुसरें वार्धक्य याहून चमत्कारिक. त्यांत रणगाडा कणभरहि झिजलेला नसतो, तरी तो म्हातारा ठरतो; कारण समोरच्याचा गोळा अधिक खोल शिरूं लागलेला असतो, किंवा समोरच्याची नजर अधिक लांब पोंचूं लागलेली असते. दुरुस्ती गाडीला ती होती तशी करते. आधुनिकीकरण तिला ती कधींच नव्हती तशी करतें.

ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्याचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, हें भारतीय चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र. तेथें ‘फामागुस्ता’ नांवाचा एक सेंच्युरियन जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ह्याच रणगाड्यांतून लढतां लढतां धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. सेंच्युरियनची आंखणी दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धांतली. ब्रिटनमध्यें त्याला प्रथम सतरा-पौंडी तोफ बसविली, मग वीस-पौंडी, आणि पुढें १०५ मिलिमीटरची. सांगाडा तोच, तोफा तीन. इस्रायलनें १९७० च्या सुमारास त्याचें पेट्रोलवर चालणारें इंजिन काढून ७५० अश्वशक्तीचें डीझेल इंजिन बसविलें. त्यामुळें एका भरण्यांत तो पुष्कळ लांब जाऊं लागला व आगीचें भयहि कमी झालें. हें साधलें, कारण मूळ आंखणी ऐसपैस होती. ज्या वाड्याचा पाया रुंद, त्याच्यावरच मजला चढवितां येतो.

आपल्याकडेहि असे प्रयोग झाले. टी-५५ ह्या सोव्हिएट रणगाड्याची मूळची १०० मिलिमीटरची तोफ काढून भारतानें तेथें १०५ मिलिमीटरची बसविली. चेन्नईजवळ आवडी येथें १९६५ पासून बनूं लागलेल्या विजयंता रणगाड्यालाहि ह्याच मापाची तोफ होती. त्यामुळें मारा तर सुधारलाच. शिवाय दोन निरनिराळ्या वंशांच्या रणगाड्यांसाठीं दारूगोळ्याचीं दोन कोठारें राखण्याची यातायातहि टळली. सैन्याच्या व्यवहारांत ही गोष्ट लहान नव्हे.

आजचा मुख्य प्रश्न आहे तो टी-७२ चा. आपल्याकडे ‘अजेय’ हें नांव धारण करणारा हा रणगाडा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आला व पुढें आवडीस बनूं लागला. सैन्यांत त्याची संख्या दोन हजारांवर आहे. वजन सुमारें ४१ टन, तोफ १२५ मिलिमीटरची, इंजिन ७८० अश्वशक्तीचें आणि आंत माणसें तीन. त्याचें लोखंड अजून भक्कम आहे. तोफहि आजच्या मापाची आहे. थकले ते डोळे, कातडें आणि काळीज.

प्रथम डोळे. मूळच्या टी-७२ ला रात्रीं पाहावयाचें तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा झोत पुढें टाकावा लागे व विशिष्ट दुर्बिणींतून त्याच्या उजेडांत शत्रु शोधावा लागे. पण तशीच दुर्बीण शत्रूजवळ असली तर त्याला तो झोत लख्ख दिसतो. कंदील घेऊन चोर शोधावयास निघावें आणि चोरालाच आपण आधीं दिसावें, तशांतला हा प्रकार. नव्या उष्णतादर्शक दुर्बिणीला झोत लागत नाहीं. तापलेलें इंजिन, माणसाचें शरीर, नुकतीच उडालेली तोफ यांची ऊब ती टिपते व तिचें चित्र करते. टी-७२ च्या मागून आलेल्या टी-९० लाहि ही उणीव चुकली नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें ९५७ टी-९० रणगाड्यांच्या नायकांसाठीं अशा दुर्बिणी बसविण्याचा १,०७५ कोटि रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीबरोबर झाला. केवळ एका डोळ्याची ही किंमत.

मग कातडें. चिलखत भेदणारा एका जातीचा गोळा आघात होतांच वितळल्यासारख्या धातूची अतिवेगवान् धार पुढें सोडतो, आणि ती धार जाड पोलादांतून आरपार जाते. तिच्यावर उतारा म्हणून रणगाड्याच्या अंगावर लोखंडी डबे बसवितात. प्रत्येक डब्यांत पोलादी पत्र्यांच्या मध्यें स्फोटक द्रव्याचा थर असतो. धार लागतांच डबा फुटतो, पत्रे तिच्या आडवे उसळतात आणि तिची एकाग्रता मोडते. आगीनें आग विझविण्याचाच हा प्रकार.

परंतु हे डबे एखाद-दोन टनांचें ओझें वाढवितात, आणि येथूनच खरी अडचण सुरू होते. ४१ टनांना ७८० अश्वशक्ति म्हणजे टनाला सुमारें एकोणीस. तेंच वजन निरनिराळीं उपकरणें चढवीत ४४ टनांवर नेलें तर टनाला पावणेअठराच उरतात. रणगाडा मंदावतो; मंदावलेल्या रणगाड्यावर नेम धरणें सोपें. नव्या दुर्बिणींना, संगणकाला व बिनतारी यंत्रांना वीज हवी, म्हणजे जनित्र मोठें हवें. त्या यंत्रांची उष्णता बाहेर काढावयास हवी. वजन वाढलें कीं पट्टे, चाकें व त्यांचे आधार यांवर ताण येतो आणि पूल ओलांडतांना नवा हिशेब मांडावा लागतो. एका अवयवाला औषध दिलें कीं दुसरा दुखूं लागतो. म्हणून आधुनिकीकरणाची योजना सुट्या वस्तूंची यादी करून होत नाहीं. सबंध गाडीचा तोल पाहावा लागतो.

ह्या तोलाची कठोर परीक्षा डोंगरांत होते. उंचावर रणगाडे नेण्याचें धाडस भारतीय सैन्यानें १ नोव्हेंबर १९४८ रोजीं झोजी ला येथेंच केलें होतें. पण ते हलके स्टुअर्ट रणगाडे होते. २०२० मध्यें पूर्व लडाखमध्यें टी-७२ आणि टी-९० उभे राहिले. चौदा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें दोन-तृतीयांश असते, आणि हवेवांचून इंधन पुरतें जळत नाहीं. तेथें मुळांतच तोकडें असलेलें इंजिन अधिकच तोकडें पडतें. ७ मार्च २०२५ रोजीं टी-७२ साठीं १,००० अश्वशक्तीचीं इंजिनें घेण्याचा २४ कोटि ८० लक्ष डॉलरांचा करार रशियन निर्यातसंस्थेशीं झाला. त्यांत तीं इंजिनें आवडीस बनविण्याची विद्याहि मिळावयाची आहे. ह्या इंजिनानें ४४ टनांच्या रणगाड्यालाहि टनाला बावीसांहून अधिक अश्वशक्ति मिळेल.

तरीहि एक गोष्ट बदलतां येत नाहीं, ती म्हणजे मूळ आंखणी. टी-७२ लहान व बुटका ठेवावयाचा म्हणून तोफ भरण्याचें काम यंत्राकडे दिलें व त्या यंत्राच्या फिरत्या थाळींतील २२ गोळे बुरुजाच्या तळाशीं, नायक व तोफची यांच्या पायांखालीं ठेवले. चिलखत भेदून आंत आलेली आग तेथवर पोंचली तर सबंध बुरूज उडून जातो. १९९१ च्या आखाती युद्धांत व २०२२ पासूनच्या युक्रेनच्या युद्धांत जगानें हें दृश्य पाहिलें आहे. युक्रेनमध्यें स्वस्त ड्रोन विमानें रणगाड्याच्या माथ्यावर, म्हणजे त्याचें चिलखत जेथें सर्वांत पातळ तेथें, येऊन आदळूं लागलीं. माथ्यावर जाळी लावतां येईल, डबे वाढवितां येतील. परंतु दारूगोळा आणि माणूस यांच्यामध्यें भिंत घालावयाची तर रणगाडा मुळापासून नवा आंखावा लागेल. टी-७२ च्या जागीं येणाऱ्या भावी रणगाड्याच्या योजनेस सप्टेंबर २०२४ मध्यें प्राथमिक मान्यता मिळाली, तिचें महत्त्व ह्यांतच आहे.

नवा रणगाडा आंखून, पारखून, शेंकड्यांनीं तयार होण्यास वर्षेंच्या वर्षें जातात, आणि सीमा तोंवर रिकामी ठेवतां येत नाहीं. जुन्या रणगाड्यावरचा खर्च ह्या मधल्या काळाचा खर्च आहे. तो करतांना विचारावयाचें तें इतकेंच कीं, ह्या पैशांत आंतल्या तीन माणसांना शत्रु आधीं दिसेल काय, त्यांना वेळेवर जागा सोडतां येईल काय, आणि घाव बसलाच तर ते जिवंत बाहेर पडतील काय. पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर दुर्बीण आणि इंजिन देऊं शकतात. तिसऱ्याचें उत्तर जेथें मिळत नाहीं, तेथें जुन्या रणगाड्याची सेवा कितीहि मोठी असली, तरी त्याला सन्मानानें निवृत्त करून नव्याची तयारी करणें, हेंच शहाणपणाचें होय.