खुब्याचा अस्थिभंग

ऊर्वस्थीच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या टोकाशी होणाऱ्या अस्थिभंगास ही संज्ञा आहे. वृद्धांत, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत, हाडे विरळ झाल्याने घरातल्या घरात घसरूनही तो होतो.

निदान : जांघेत वेदना होतात, पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसतो. तुकडे परस्परांत रुतल्यास मात्र रुग्ण चालूही शकतो. क्ष-किरण चित्रात भंग न दिसता वेदना टिकल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रण (एमआरआय) करतात.

शस्त्रक्रिया : ऊर्वस्थिशीर्षास रक्त मुख्यतः त्याखालील मानेलगतच्या वाहिन्यांतून मिळते. मान मोडून तुकडे सरकल्यास या वाहिन्या तुटून शीर्ष मृत होण्याचा धोका असतो. म्हणून वृद्धांत बहुधा कृत्रिम शीर्ष किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवितात. तरुणांत, तसेच तुकडे न सरकल्यास, स्क्रूंनी हाड जोडतात. एम. एन. स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ मध्ये तीन पात्यांच्या खिळ्याने मान जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मानेखालील भागास रक्तपुरवठा विपुल असल्याने तेथील भंग पट्टी व स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीतील सळईने स्थिर करतात.

दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्याने फुप्फुसशोथ, शय्याव्रण व शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत करून दुसऱ्या दिवशी रुग्णास उभे करतात. केवळ वय झाले म्हणून शस्त्रक्रिया टाळणे हेच पुष्कळदा अधिक धोक्याचे ठरते.